जड धातूंचा ताण आणि वनस्पती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडीत किंवा पोषक द्रावणात धातूंचे प्रयोग करणारे विद्यार्थी आणि माती-तपासणीचा अहवाल हातात असलेले शेतकरी, अशा दोघांसाठी ही उत्तरे आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी : कीटकनाशकाचा रेणू झाडाला तोडता येतो, पण कॅडमियमचा अणू कॅडमियमच राहतो. म्हणून झाडापुढे मुख्यतः दोनच वाटा असतात. धातूला आत येऊ द्यायचे नाही, आणि आलाच तर जिथे कमीत कमी नुकसान होईल तिथे बांधून ठेवायचे. खालची बहुतेक उत्तरे याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

जड धातूंमध्ये नेमके कोणते धातू धरायचे?

साधारणपणे दर घनसेंटिमीटरला ५ ग्रॅमपेक्षा जास्त घनता असलेले. पण वनस्पतींच्या दृष्टीने घनतेपेक्षा दुसरी विभागणी जास्त कामाची आहे. तांबे, जस्त, निकेल, मँगनीज हे झाडाला हवेच असतात, मात्र मोजके. कॅडमियम, शिसे, पारा आणि आर्सेनिक (हा खरे तर धातुसदृश, पण अभ्यासात याच गटात येतो) यांची झाडाला गरज नसते. तांब्याच्या बाबतीत मर्यादा फारच अरुंद असते : पानांच्या कोरड्या वजनात दर किलोला सुमारे ५ मिलिग्रॅम पुरेसे होतात आणि २० ते ३० च्या पुढे बहुतेक पिकांना त्रास सुरू होतो.

अहवालात धातूचे एकूण प्रमाण जास्त आहे, तरी पीक उत्तम दिसते. अहवाल चुकला का?

बहुधा नाही. एकूण प्रमाण म्हणजे तीव्र आम्लात माती उकळून काढलेला आकडा. झाडाचे मूळ माती आम्लात उकळत नाही. मातीच्या पाण्यात विरघळलेला आणि मातीच्या कणांवरून सहज सुटणारा भागच मूळ घेऊ शकते. सामू (पीएच) ७.५ च्या पुढे, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असेल, तर कॅडमियम, जस्त, शिसे घट्ट धरून ठेवले जातात. तोच कॅडमियम सामू ५.५ च्या रेताड जमिनीत मोकळा फिरतो.

म्हणून प्रयोगशाळेकडून उपलब्ध प्रमाणही मागवा. डीटीपीए (धातूला धरून द्रावणात आणणारे रसायन) पद्धतीत १० ग्रॅम माती २० मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवतात. द्रावणात ०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमाइन असते, आणि त्याचा सामू ७.३ ठेवतात. ही पद्धत मुळात चुनखडीयुक्त व उदासीन जमिनींतील जस्त, लोह, मँगनीज व तांबे यांच्यासाठी बसवलेली आहे. आम्लधर्मी जमिनीत ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडने काढलेले प्रमाण पिकातल्या कॅडमियमशी अधिक जुळते.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा : पीक हिरवेगार दिसते म्हणून ते खायला सुरक्षित आहे असे होत नाही. खाण्याची मर्यादा ओलांडण्याइतका कॅडमियम दाण्यांत किंवा पानांत साठला तरी झाडावर एकही खूण दिसत नाही, असे सर्रास घडते.

झाडाला नको असलेला धातू मुळात शिरतोच कसा?

दुसऱ्याच्या वाटेने. मुळांच्या पेशींवरची वाहक प्रथिने आयनाचा आकार आणि प्रभार बघतात, आणि तिथे त्यांची गफलत होते. कॅडमियम लोहाच्या वाहकातून (आयआरटी१) आणि भातात प्रामुख्याने मँगनीजच्या वाहकातून (नॅम्प५) आत येतो. आर्सेनिकचे आर्सेनेट हे रूप फॉस्फेटच्या वाटेने येते. पाणी साचलेल्या जमिनीत तयार होणारे आर्सेनाइट हे त्याचे दुसरे रूप भातात सिलिकॉनच्या वाटेने घुसते. क्रोमियमचे क्रोमेट हे रूप सल्फेटची वाट वापरते.

शेतातले बरेच अनुभव यातून उलगडतात. लोह कमी पडलेले झाड लोहाचे वाहक वाढवते आणि सोबत कॅडमियमही जास्त उचलते. भाताला सिलिकॉन पुरेसे मिळाले की आर्सेनिक कमी जाते. शिशाचे मात्र निराळे आहे. ते बहुतांशी मुळाच्या पेशीभित्तिकेतच अडकते किंवा फॉस्फेटसोबत साका होऊन बसते, म्हणून दाण्यांत आणि फळांत फारसे पोहोचत नाही. पानांवर सापडणारे शिसे पुष्कळदा बाहेरून बसलेल्या धुळीचे असते.

आत गेल्यावर धातू काय बिघडवतो?

पहिला फटका मुळाच्या टोकाला बसतो. पेशीविभाजन मंदावते, मूळ आखूड आणि जाड होते, तपकिरी पडते, मूलरोम कमी होतात. पाणी व अन्नद्रव्ये घेण्याची ताकद घटली की वरच्या भागावर परिणाम दिसायला लागतात.

पेशीच्या आत तीन प्रकारे नुकसान होते. कॅडमियम आणि पारा प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटतात आणि विकर (एन्झाइम) निकामी करतात. काही धातू योग्य धातूला हटवून त्याची जागा घेतात, उदाहरणार्थ हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची किंवा विकरातल्या जस्ताची. तिसरा प्रकार क्रियाशील ऑक्सिजनचा. तांबे इलेक्ट्रॉनची देवघेव स्वतः करून हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय मारक हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. कॅडमियमला ही देवघेव जमत नाही, तरी ऑक्सिडीकरणाचा ताण येतोच, कारण तो ग्लुटाथायोन हा पेशीतला गंधकयुक्त संरक्षक रेणू गुंतवून ठेवतो आणि झाडाची राखण कमी पडते. आर्सेनेट तर फॉस्फेटच्या जागी बसून ऊर्जावाहक रेणूच कच्चा करते. असा रेणू बनताक्षणी तुटतो आणि ऊर्जा वाया जाते.

पाने पाहून धातूचा ताण ओळखता येतो का?

संशय घेता येतो, निदान करता येत नाही. जस्त, निकेल, तांबे यांच्या अतिरेकात कोवळ्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोहाच्या कमतरतेतही हुबेहूब हेच दिसते, कारण धातूंमुळे लोहाचे शोषण आणि वहन अडलेले असते. मँगनीजच्या अतिरेकात जुन्या पानांवर तपकिरी ठिपके येतात. लालसर-जांभळी छटा अनेक ताणांत येते. झाड उपटून मुळे पाहा आणि शंका असेल तर पानांचे पृथक्करण करून घ्या.

झाड स्वतःचा बचाव कसा करते?

बाहेरून आत टप्प्याटप्प्याने. मुळे सायट्रेट, मॅलेट, ऑक्झॅलेट यांसारखी सेंद्रिय आम्ले सोडतात. काही धातू मुळाबाहेरच त्यांच्याशी बांधले जातात. मग पेशीभित्तिकेतले पेक्टिन आपल्या ऋणप्रभारित गटांवर धातू धरते. मुळाच्या आतल्या बाजूला कॅस्पेरियन पट्टी असते. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतून जलवाहिन्यांकडे थेट जाण्याचा मार्ग ती अडवते. मूळ आणि खोड यांतल्या प्रमाणांत मोठी तफावत दिसते तिचा बराच वाटा या दोन अडथळ्यांचा.

यातूनही जो पेशीद्रवात पोहोचतो त्याला बांधण्यासाठी फायटोकेलॅटिन तयार होते. १९८५ साली ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी सर्पगंधेच्या पेशींत ते प्रथम ओळखले. ग्लुटामेट आणि सिस्टीन या अमिनो आम्लांची जोडी दोन ते अकरा वेळा आणि शेवटी एक ग्लायसीन, अशी त्याची रचना असते. कच्चा माल ग्लुटाथायोन. विशेष म्हणजे जोडणी करणारे विकर पेशीत आधीपासून तयार असते. धातू आला की ते लगेच कामाला लागते, नवे विकर बनण्याची वाट पाहावी लागत नाही. फायटोकेलॅटिन-कॅडमियमची जोडी मग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, ढकलली जाते. आर्सेनाइटचेही असेच होते. भातात एचएमए३ हे प्रथिन मुळांच्या रिक्तिकांत कॅडमियम कोंडते. ज्या वाणांत ते निकामी असते त्यांच्या दाण्यांत कॅडमियम जास्त जातो.

मेटॅलोथायोनिन हे प्रथिन तांब्याचा समतोल सांभाळते, निकोटिअॅनामाइन आणि हिस्टिडीन हे लहान रेणू निकेल धरून ठेवतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटॅलेज, अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे क्रियाशील ऑक्सिजन आवरतात. या विकरांची क्रियाशीलता वाढली म्हणजे झाड सहनशील आहे असा निष्कर्ष पुष्कळ प्रबंधांत काढलेला दिसतो. तो घाईचा आहे. मध्यम ताणात ती वाढते, तीव्र ताणात कोसळते, आणि धातू मुळांतच अडवणाऱ्या सहनशील झाडात ती जागची हलतही नाही. सोबत मुळांची वाढ आणि ऊतीतला धातू मोजलेला नसेल तर या आकड्यांवरून फारसे काही सांगता येत नाही.

मग फायटोकेलॅटिन जास्त बनवणारी वनस्पती तयार केली की काम झाले?

असे करून पाहिले गेले आहे. काही वनस्पतींत सहनशीलता वाढली. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत मात्र विकराची अतिनिर्मिती केल्यावर झाडे कॅडमियमला उलट जास्त संवेदनशील झाल्याचेही आढळले. ग्लुटाथायोनचा साठा, गंधकाचा पुरवठा आणि रिक्तिकेत ढकलणारे वाहक यांचा मेळ बसला तरच जास्तीच्या विकराचा उपयोग.

अतिसंचयी वनस्पती म्हणजे काय?

नैसर्गिक वाढीत पानांच्या कोरड्या वजनात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धातू साठवूनही निरोगी राहणाऱ्या वनस्पती. दर किलोला मिलिग्रॅममध्ये या मर्यादा अशा आहेत : कॅडमियम १००, तांबे, कोबाल्ट, क्रोमियम ३००, निकेल, शिसे, आर्सेनिक १,०००, जस्त ३,०००, मँगनीज १०,०००. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा या झाडाच्या चिकात कोरड्या वजनाच्या सुमारे २५ टक्के निकेल असते, चीक निळसर-हिरवा दिसतो. टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक साठवतो हे २००१ मध्ये जाहीर झाले.

इतर झाडे धातू मुळात रोखतात, तर या वनस्पती तो जलवाहिन्यांत भरून वर पाठवतात. अॅराबिडॉप्सिस हॅलेरी या वनस्पतीत धातू जलवाहिनीत भरणाऱ्या एचएमए४ जनुकाच्या तीन प्रती आहेत. साठवण मुख्यतः पानांच्या रिक्तिकांत होते, बहुधा सेंद्रिय आम्लांच्या सोबतीने. फायटोकेलॅटिनवर त्या फारशा अवलंबून नसतात, कारण एवढ्या धातूसाठी ते बनवायला लागणारे गंधक आणि नत्र झाडाला परवडणार नाही.

अशा वनस्पती लावून दूषित शेत किती वर्षांत साफ होईल?

गणित स्वतः मांडून पाहा. एक हेक्टर, वरचा २० सेंटिमीटर थर, मातीची घनता १.३ धरली तर माती २,६०० टन. कॅडमियम दर किलोला ५ मिलिग्रॅम असेल तर एकूण १३ किलो. तो १ मिलिग्रॅमवर आणायचा तर १०.४ किलो काढावा लागेल. वनस्पतीचे कोरडे उत्पादन हेक्टरी ५ टन आणि त्यात दर किलोला १०० मिलिग्रॅम कॅडमियम धरला तर वर्षाला अर्धा किलो निघतो. म्हणजे सुमारे २१ वर्षे. तेही दरवर्षी तेवढाच निघेल असे मानून. प्रत्यक्षात सहज उपलब्ध भाग आधी संपतो आणि वेग मंदावतो. साधे पीक १० टन वाढले आणि त्यात फक्त २ मिलिग्रॅम असेल, तर हाच हिशेब ५२० वर्षांवर जातो.

शिवाय कापलेली झाडे हा दूषित कचराच असतो. ती शेतात कुजवली तर धातू परत जमिनीत. ईडीटीए हे धातूला धरून विरघळवणारे रसायन टाकून शोषण वाढवायचा सल्ला मिळतो, पण ईडीटीएशी जोडलेला धातू पावसाबरोबर खाली झिरपून भूजलात जातो. उघड्या शेतात तो वापरू नये.

पोषक द्रावणातल्या प्रयोगासाठी मात्रा किती घ्यावी?

कॅडमियमसाठी ०, १, ५, १० आणि २५ मायक्रोमोलर ही मालिका बहुतेक पिकांना पुरते. ५०० किंवा १,००० मायक्रोमोलरचे प्रयोग छापलेले दिसतील. तिथे आपण ताणाला दिलेला प्रतिसाद मोजत नसून मरणाऱ्या पेशी मोजत असतो. मातीच्या पाण्यातला कॅडमियम सहसा १ मायक्रोमोलरच्याही खाली असतो.

मूळ द्रावण असे करा : अडीच जलरेणू असलेल्या कॅडमियम क्लोराइडचे रेणुभार २२८.३५. त्याचे २२८.४ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवले की १० मिलिमोलर द्रावण होते. त्यातले २.५ मिलिलिटर एका लिटरला घातले की २५ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला २.८१ मिलिग्रॅम कॅडमियम. बाटलीवरचे जलरेणू वाचायला विसरू नका, निर्जल क्षाराचे रेणुभार १८३.३ आहे. पोटॅशियम डायक्रोमेटच्या एका रेणूत क्रोमियमचे दोन अणू असतात, त्यामुळे ५० मायक्रोमोलर क्रोमियम हवे तर २५ मायक्रोमोलर डायक्रोमेट पुरते. हे विसरले तर मात्रा दुप्पट होते आणि मग इतरांच्या निकालांशी आपले जुळत नाहीत.

रोपांना दोन खरी पाने फुटल्यावर धातू द्या. अर्ध्या शक्तीचे होगलँड द्रावण (नेहमी वापरले जाणारे पोषक द्रावण), सामू ५.५ ते ६.०, हवेचा सतत पुरवठा, आणि दर तीन-चार दिवसांनी द्रावण बदलणे. कॅडमियम क्लोराइड कर्ककारक आहे : वजन धूर-कपाटात, हातमोजे घालून करा, आणि वापरलेले द्रावण मोरीत न ओतता नाव लिहिलेल्या डब्यात जमा करा.

शिसे घातल्यावर द्रावण गढूळ झाले. काय चुकले?

शिसे फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसले. आता झाडासमोर किती शिसे आहे ते तुम्हाला माहीत नाही. उपाय असा : रोपे आधी पूर्ण द्रावणात वाढवा, मग लेड नायट्रेटची मात्रा काही तास ते दोन-तीन दिवस फॉस्फेट व सल्फेट वगळलेल्या, सामू ५ च्या आसपासच्या द्रावणात द्या. नियंत्रण (धातू न दिलेल्या) रोपांनाही तेच वगळलेले द्रावण हवे, आणि नायट्रेटची भरपाई पोटॅशियम नायट्रेटने करा. आर्सेनेटच्या प्रयोगात अडचण वेगळी असते. तिथे द्रावणातले जास्तीचे फॉस्फेट शोषणच दाबून टाकते.

उगवण चाचणीत फरक दिसत नाही. धातू निरुपद्रवी समजावा का?

नाही. बियांचे आवरण धातू बराच काळ बाहेर ठेवते आणि उगवण बियांतल्या साठ्यावर होते. म्हणून मुळाची लांबी मोजा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ ते १० मिनिटे बियाणे निर्जंतुक करून चार-पाचदा धुवा. पेट्री ताटलीत दोन गाळणकागद, ५ मिलिलिटर द्रावण, २५ बिया, आणि किमान चार ताटल्या. धातूतल्या मुळाची सरासरी लांबी भागिले नियंत्रणातली लांबी गुणिले १०० हा सहनशीलता निर्देशांक.

कमी मात्रेत झाडे नियंत्रणापेक्षा चांगली वाढली. प्रयोग फसला का?

तसे असेलच असे नाही. अल्प मात्रेने वाढीला चालना मिळणे अनेक वनस्पतींत नोंदले गेले आहे. फक्त धातूसोबत गेलेले नायट्रेट खत म्हणून काम करत नव्हते ना, एवढे तपासा.

मातीत धातू मिसळून लगेच पेरणी चालेल का?

चालणार नाही. ताज्या मिसळलेल्या क्षारातला धातू जवळजवळ सगळा मोकळा असतो, त्यामुळे परिणाम अवास्तव तीव्र येतात. माती वाळवून २ मिलिमीटर चाळणीतून काढा, द्रावण थोडे थोडे फवारत मिसळा आणि जलधारण क्षमतेच्या ६० टक्के ओल राखून निदान चार आठवडे मुरू द्या. पेरणीपूर्वी सामू पुन्हा मोजा. जास्त मात्रेत क्षारामुळे सामू उतरतो आणि तोच परिणाम धातूच्या नावावर खपतो.

मुळांतल्या धातूचे आकडे फारच जास्त येतात. का?

मुळांच्या पृष्ठभागावर चिकटलेला धातूही त्यात मोजला जातो. काढणीनंतर मुळे २० मिलिमोलर ईडीटीएमध्ये १५ मिनिटे बुडवा आणि आयनमुक्त पाण्याने तीनदा धुवा. मातीतल्या झाडांत अडकलेली माती ओळखण्यासाठी नमुन्यातले टायटेनियम मोजा. झाड ते जवळपास घेतच नाही, म्हणून ते जास्त आले तर माती राहिली असे समजा.

नमुने ६५ ते ७० अंशांवर ४८ तास वाळवा. पारा मोजायचा असेल तर असे तापवू नका, तो उडून जातो. गोठवून वाळवा. क्रोमियम-निकेलसाठी पोलादी चक्कीत दळू नका, अगेट किंवा झिरकोनियाचा खल वापरा. भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात ठेवा. ०.२ ते ०.५ ग्रॅम भुकटीला ६ ते ८ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल आणि २ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. फेस बसेपर्यंत झाकण उघडे ठेवा, मगच मायक्रोवेव्हमध्ये पचन करा. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना (भुकटी न घातलेला) आणि एक प्रमाणित संदर्भ नमुना हवाच. संदर्भाची प्राप्ती (प्रमाणित आकड्याच्या तुलनेत आपल्याला सापडलेले प्रमाण) ९० ते ११० टक्क्यांत नसेल तर ती फेरी बाद.

मॅलॉनडायअल्डिहाइडचे आकडे कितपत खरे?

हा पदार्थ पेशीपटलातल्या मेदाचे ऑक्सिडीकरण झाल्याची खूण आहे, आणि थायोबार्बिट्युरिक आम्लाशी येणाऱ्या त्याच्या रंगावरून तो मोजतात. ५३२ नॅनोमीटरच्या वाचनातून ६०० चे वाचन वजा करूनही चूक उरू शकते. धातूच्या ताणात पानांत अँथोसायनिन (लाल-जांभळे रंगद्रव्य) आणि शर्करा वाढतात. अँथोसायनिन आणि त्या आम्लाशी जोडलेल्या शर्कराही ५३२ जवळ प्रकाश शोषतात. थायोबार्बिट्युरिक आम्ल न घातलेली एक समांतर नळी ठेवा, ४४० नॅनोमीटरलाही वाचन घ्या, आणि दुरुस्त केलेला आकडाच वापरा.

भातात कॅडमियम कमी करायला गेलो की आर्सेनिक वाढते. मार्ग काय?

पाणी साचलेले असताना ऑक्सिजन संपतो, कॅडमियम सल्फाइड होऊन बसतो आणि दाण्यात कमी जातो. पण त्याच स्थितीत लोहाची ऑक्साइडे विरघळतात, त्यांनी धरलेले आर्सेनिक सुटते आणि आर्सेनाइट बनून मुळात शिरते. शेत सुकवले की सगळे उलटे होते. म्हणून आधी आपल्या जमिनीत यातला कोणता धातू जास्त आहे ते तपासा. कॅडमियम असेल तर पीक निसवण्याच्या आधी आणि नंतर साधारण तीन आठवडे पाणी टिकवून ठेवा. आर्सेनिक असेल तर आलटून पालटून ओल आणि सुकवण. दोन्ही असतील तर केवळ पाण्याने प्रश्न सुटत नाही. कॅडमियम कमी घेणारे वाण आणि पुरेसे सिलिकॉन यांची जोड द्यावी लागते. नॅम्प५ निकामी केलेले वाण कॅडमियम अत्यल्प घेतात, पण मँगनीजही कमी घेतात, तेव्हा मँगनीज कमी असलेल्या जमिनीत सावध राहा.

चुना, स्फुरद, शेणखत यांपैकी काय टाकावे?

धातूवर अवलंबून. आम्लधर्मी जमिनीत चुन्याने सामू ६.५ ते ७ वर आणला की कॅडमियम, जस्त, निकेल यांची उपलब्धता घटते. शिशासाठी फॉस्फेट उत्तम, कारण पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारे खनिज तयार होते. आर्सेनिक असलेल्या जमिनीत मात्र हेच फॉस्फेट आर्सेनेटला मातीच्या कणांवरून हुसकावते, आणि जास्त चुन्यानेही आर्सेनिक व क्रोमेट मोकळे होतात. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट द्या, जस्त कॅडमियमशी स्पर्धा करते. क्लोराइडयुक्त खते आणि खारे पाणी टाळा, क्लोराइडशी जोडलेला कॅडमियम मातीत अधिक फिरतो. चांगले कुजलेले शेणखत धातू धरते, पण कुजत जाते तसा धरलेला काही भाग सुटतो. दर दोन-तीन वर्षांनी सामू आणि उपलब्ध प्रमाण पुन्हा तपासा, चुन्याचा परिणामही तोवर उतरू लागलेला असतो.